‘टॅपेस्ट्री’ची नवी एलपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन गायिका कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम १९७१ साली आला आणि तेव्हापासून तो एलपीवर, म्हणजे सुईने वाजणाऱ्या मोठ्या तबकडीवर, पुन्हा पुन्हा निघत आला आहे. नवी प्रत घेणाऱ्यांच्या शंका बहुतेक त्याच त्याच असतात. कोणती आवृत्ती घ्यावी, घरी आल्यावर काय तपासावं, शेवटचं गाणं का फाटतं, पियानो डुलल्यासारखा का वाटतो, या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आमचं ठाम मत आधीच सांगतो: या रेकॉर्डवर पियानो आणि गळा हेच मुख्य आहेत. त्यामुळे तबकडी किती जाड, कोणत्या रंगाची, याने फारसा फरक पडत नाही. मधलं भोक केंद्रात आहे का आणि तुमची सुई लेबलजवळच्या, आवाज कोरलेल्या आतल्या खाचांपर्यंत नीट पोचते का, यावर सगळं अवलंबून आहे.

हा अल्बम नक्की कोणता? कॅरोल किंग कोण?

आपल्याकडे ज्याला वाग्गेयकार म्हणतात, तशी ही बाई. चाल तिची, गाणं तिचं, पियानो तिचा, आणि बऱ्याच गाण्यांचे शब्दही तिचे. १९६०च्या दशकात पहिला नवरा जेरी गॉफिन याच्यासोबत तिने इतरांसाठी गाणी लिहिली. शिरेल्स या गटाचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ आणि १९६७ साली अरिथा फ्रँकलिनने गायलेलं ‘अ नॅचरल वूमन’ ही त्यातलीच. दोन्ही गाणी ‘टॅपेस्ट्री’वर तिने स्वतःच्या आवाजात, फार कमी साथीवर घेतली आहेत.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत झालं. निर्माता लू ॲडलर, ध्वनिमुद्रक हँक सिकॅलो. १० फेब्रुवारी १९७१ रोजी ओड या कंपनीने अल्बम बाजारात आणला. त्याच वर्षी जूनपासून बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. १९७२ च्या ग्रॅमीत वर्षातला उत्कृष्ट अल्बम, उत्कृष्ट रेकॉर्ड (‘इट्स टू लेट’), उत्कृष्ट गीत (‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’) आणि पॉप गायिका असे चार पुरस्कार किंगला मिळाले.

साथीला कोण आहे?

गिटारवर डॅनी कॉर्चमार, बासवर चार्ल्स लार्की, ड्रमवर रस कंकल आणि जोएल ओब्रायन, इलेक्ट्रिक पियानोवर राल्फ शकेट. ‘सो फार अवे’मधली बासरी आणि ‘इट्स टू लेट’मधला सॅक्सोफोन कर्टिस एमीचा. जेम्स टेलरची अकूस्टिक गिटार काही गाण्यांत आहे. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’मध्ये मागे टेलर आणि जोनी मिचेल यांचे आवाज आहेत. चांगली प्रत आणि नीट बसवलेली सुई असली, तर हे दोन आवाज किंगच्या दोन बाजूंना वेगवेगळे उभे राहतात. एकमेकांत मिसळून धुरकट झाले, तर पुढची ‘अ नॅचरल वूमन फाटतं’ आणि ‘कसं धुवावं’ ही उत्तरं वाचा.

कोणत्या बाजूला किती मिनिटं?

पहिली बाजू: आय फील द अर्थ मूव्ह, सो फार अवे, इट्स टू लेट, होम अगेन, ब्यूटिफुल, वे ओव्हर यॉंडर. एकूण सुमारे २१ मिनिटं.

दुसरी बाजू: यूव्ह गॉट अ फ्रेंड, व्हेअर यू लीड, विल यू लव्ह मी टुमॉरो, स्मॅकवॉटर जॅक, टॅपेस्ट्री, अ नॅचरल वूमन. एकूण साडेतेवीस मिनिटांच्या आतबाहेर.

ही लांबी लक्षात ठेवा. १२ इंची तबकडीवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने १८ ते २० मिनिटं ऐसपैस मावतात. त्यापुढे खाचा कापणाऱ्या इंजिनिअरला एक तर आवाजाची पातळी थोडी उतरवावी लागते, नाही तर खाचा लेबलच्या जवळ न्याव्या लागतात. दुसऱ्या बाजूला दोन्ही थोडं थोडं होतं. म्हणून बाजू पलटल्यावर आवाज किंचित कमी वाटला, तर तो दोष समजू नका.

नवी प्रत मागवताना नावाची गल्लत होते का?

होते, आणि बऱ्याच जणांची होते. २०१६ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये किंगने अख्खा अल्बम मंचावर गायला. त्याची ध्वनिमुद्रिका वेगळी आहे आणि नावात ‘टॅपेस्ट्री’ आहेच. १९९५ साली इतर गायकांनी गायलेली एक मानवंदनाही निघाली होती. मूळ अल्बमच्या मुखपृष्ठावर खिडकीशी बसलेली अनवाणी किंग आणि पुढे मांजर आहे. छायाचित्र जिम मक्रेरी यांनी तिच्या लॉरेल कॅनियनमधल्या घरी काढलं आणि हातातलं भरतकाम तिचं स्वतःचं आहे. विक्रेत्याच्या पानावर मांजर दिसत नसेल, तर मागवण्याआधी नाव पुन्हा वाचा.

दुसरी गोष्ट. १९९९ च्या सीडीवर ‘आउट इन द कोल्ड’ आणि एक मंचीय ध्वनिमुद्रण असं जादा साहित्य होतं. एलपीवर मूळ १२ गाणीच अपेक्षित धरा.

१९७१ ची मूळ प्रत शोधावी की नवी घ्यावी?

अमेरिकन मूळ प्रतीचा क्रमांक ओड एसपी ७७००९, ब्रिटिश प्रतीचा ए अँड एम एएमएलएस २०२५. ओडचं वितरण ए अँड एमकडून सीबीएसच्या एपिककडे गेल्यावर पीई ३४९४६ या क्रमांकाच्या प्रती निघाल्या. त्या मूळ नव्हेत, पण बाजारात कधी कधी मूळ म्हणूनच विकल्या जातात. म्हणून क्रमांक तपासाच.

लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्यावर कोरलेली अक्षरं तिरक्या उजेडात वाचा. वर्तुळातली ‘एमआर’ अक्षरं आणि त्रिकोणाशेजारी आकडा असेल, तर तबकडी लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली. सीबीएसच्या प्रतींवर एकटं ‘पी’ बहुधा पिटमन आणि ‘टी’ टेरे होट कारखाना सुचवतं.

मूळ प्रतीची जमेची बाजू अशी की ती कापली तेव्हा टेप ताजी होती. उणी बाजू अशी की हा अल्बम लाखो घरांत रोज वाजला, आणि तोही त्या काळच्या जड सुयांनी. वरून चकचकीत दिसणारी प्रत आतून झिजलेली असू शकते. डोळ्यांना दिसणारे ओरखडे आणि कानाला ऐकू येणारी झीज या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय १९७३-७४ च्या तेलटंचाईनंतर पीव्हीसी, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, महागलं, तबकड्या पातळ झाल्या आणि पुन्हा वितळवलेला माल वापरला गेला. त्या काळातल्या प्रती अनेकदा खरखरतात. जुनी प्रत प्रत्यक्ष वाजवून ऐकायला मिळत असेल तरच घ्या. फोटोवरून घ्यायची झाली तर नवीच बरी.

१८० ग्रॅमची तबकडी जास्त चांगली वाजते का?

वजनामुळे नाही. खाच वरच्या पृष्ठभागावरच असते, खाली किती प्लास्टिक आहे याच्याशी तिचा संबंध नाही. जड तबकडी टपालात कमी वाकते आणि हातात भरभक्कम लागते, एवढाच फायदा. १२० ते १४० ग्रॅमची सरळ, केंद्रात भोक असलेली प्रत १८० ग्रॅमच्या तिरक्या प्रतीपेक्षा केव्हाही बरी. रंगीत तबकडीही आता चांगली निघते. मात्र चित्र छापलेली तबकडी टाळा. तिच्यात खाचा चित्रावरच्या पातळ प्लास्टिकच्या थरात उमटतात आणि पार्श्वभूमीला खरखर राहते.

‘मूळ टेपवरून’, ‘हाफ स्पीड’, ‘वन स्टेप’ असं स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

‘मूळ टेपवरून’ म्हणजे सुरुवात मूळ टेपपासून झाली. मधल्या पायऱ्या कोणत्या, ते त्यात सांगितलेलं नसतं. टेप थेट कापण्याच्या यंत्रात जाते किंवा आधी डिजिटल फाइल होते. दोन्ही पद्धतींनी सुंदर रेकॉर्ड निघतात. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी अॅनलॉगसाठी (म्हणजे डिजिटल पायरी न घेता टेपवरून थेट कापण्यासाठी) प्रसिद्ध होती. जुलै २०२२ मध्ये तिच्या अनेक रेकॉर्डच्या वाटेत डिजिटल पायरी असल्याचं उघड झालं आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हापासून चांगल्या कंपन्या हा प्रवास आवेष्टनावर स्पष्ट लिहू लागल्या. जिथे लिहिलेलं नाही, तिथे स्वतःहून काही गृहीत धरू नका.

‘हाफ स्पीड’ म्हणजे टेप आणि कापणारं यंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवणं. २०,००० हर्ट्झचा सूर कापणाऱ्या हत्याराला १०,००० इतकाच लागतो, त्यामुळे झांजेचे आणि ‘स’चे आवाज स्वच्छ येतात. वेळ मात्र दुप्पट लागतो.

‘वन स्टेप’ ही साचा बनवण्याची रीत. नेहमीच्या रीतीत लॅकरवरून (खाचा पहिल्यांदा जिच्यावर कापतात त्या मऊ थराच्या तबकडीवरून) ‘फादर’, त्यावरून ‘मदर’, त्यावरून ठसा मारणारा ‘स्टॅम्पर’ असे तीन धातूचे साचे घेतात. वन स्टेपमध्ये लॅकरवरून घेतलेल्या पहिल्या साच्यानेच तबकड्या दाबतात. प्रत्येक साच्यागणिक थोडा तपशील हरवतो आणि थोडी खरखर वाढते, ती इथे वाचते. पण एका साच्यातून मोजक्याच प्रती निघतात, म्हणून लॅकर पुन्हा पुन्हा कापावं लागतं आणि किंमत चढते.

दोन तबकड्यांची, ४५ फेऱ्यांची आवृत्ती घ्यावी का?

या अल्बमसाठी तिला तांत्रिक कारण आहे. १२ गाणी चार बाजूंना तीन-तीन बसतात आणि कोणतीही बाजू १३ मिनिटांच्या वर जात नाही. वेग ३५ टक्के जास्त, म्हणून त्याच सुरासाठी खाचेत जास्त लांबी मिळते आणि शेवटची गाणी लेबलला भिडत नाहीत. ऐकताना मात्र दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं. पहिली बाजू सलग ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे खटकतं. आधी सुई आणि कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) सुधारा, आणि तरीही पैसे उरले तर ४५ घ्या.

परदेशातून मागवताना काय सांगावं?

एकच विनंती लेखी करा: तबकडी मुखपृष्ठाच्या बाहेर, आतल्या पाकिटात ठेवून, मुखपृष्ठाच्या मागे लावून पाठवा. तबकडी आत असली तर खोका आपटल्यावर तिची कड मुखपृष्ठाची शिवण आतून फाडते. अर्थात यासाठी सील फोडावं लागतं आणि नव्या प्रतीसाठी काही विक्रेते तयार नसतात. मग निदान दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि कडांशी बोटभर मोकळी जागा मागा. किमतीवर टपाल, आयात शुल्क आणि जीएसटी चढतो, तो आधी मोजा. खोका उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. बदली प्रत मागताना त्याचा उपयोग होतो.

प्रत आली. पहिल्या दिवशी काय तपासू?

परत करण्याची मुदत थोडी असते, म्हणून त्याच दिवशी या क्रमाने करा.

१. तबकडी दिव्याखाली तिरकी धरून दोन्ही बाजू पाहा. बोटांचे ठसे आणि कागदाचे कण पुसून जातात. खाचांना आडवा जाणारा आणि नखाला लागणारा ओरखडा जात नाही.

२. प्लॅटरवर, म्हणजे प्लेयरच्या फिरत्या ताटलीवर, ठेवून फिरवा, डोळे कडेच्या पातळीला आणा. कड हळुवार दोन-तीन मिलिमीटर वरखाली होत असेल तर बहुतेक टोनआर्म (सुई धरणारे दांडे) सांभाळून घेतात. अचानक उंचवटा असेल तर सुई उडते.

३. दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं वाजवा. पहिलं गाणं जवळजवळ प्रत्येक प्रतीवर चांगलंच वाजतं, म्हणून त्यावरून निर्णय करू नका.

४. ‘होम अगेन’ आणि ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ची सुरुवात ऐका. तिथे साथ विरळ आहे, त्यामुळे टकटक आणि खरखर लपत नाही.

कापड टरकावल्यासारखा आवाज एकाच कानात, ठरावीक जागी, प्रत्येक फेरीला येत असेल आणि धुऊनही जात नसेल, तर दाबताना गरम प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही. हा कारखान्याचा दोष आहे, प्रत परत करा.

पियानोचा सूर डुलतो. टर्नटेबल बिघडलं का?

आधी तबकडीचं भोक तपासा. भोक केंद्रातून सरकलेलं असलं की सुई प्रत्येक फेरीत एकदा आत आणि एकदा बाहेर जाते, आणि सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. ३३⅓ च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणून डुलणंही त्याच लयीत येतं. गिटार किंवा ड्रममध्ये हे खपून जातं. पियानोचा सूर वाजल्यावर स्थिर राहायला हवा, तिथे ते लगेच उघडं पडतं. ‘अ नॅचरल वूमन’मध्ये पियानो आणि बास यांवरच सगळी मदार आहे आणि ते गाणं सर्वांत आतल्या खाचांत आहे, त्यामुळे त्रास तिथे सर्वाधिक.

गणित सोपं आहे. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर कडेशी, १४० मिलिमीटर त्रिज्येवर, सूर ०.३६ टक्के वरखाली होतो. आत, ६० मिलिमीटरवर, तोच फरक ०.८३ टक्के. तबकडी तीच असते, पण आत गेल्यावर डुलणं दुपटीहून जास्त.

मोजण्यासाठी सुई शेवटच्या बंद खाचेजवळ असताना टोनआर्मच्या डोक्याकडे वरून पाहा. आर्म डावीकडून उजवीकडे जितकी सरकते, त्याच्या निम्मं भोक सरकलेलं. एक मिलिमीटर हलत असेल, तर दोष अर्ध्या मिलिमीटरचा. ०.२ मिलिमीटरपर्यंतचा दोष आम्ही चालवून घेतो. त्यापुढे प्रत बदलून मागावी. दुसऱ्या रेकॉर्डवरही तसंच डुलत असेल, तर दोष प्लॅटरचा, पट्ट्याचा किंवा मोटरचा. रबरी पट्टा सैल झाला असेल तर तो बदला, त्याचा खर्च किरकोळ असतो.

भोक ब्लेडने मोठं करून तबकडी हाताने सरकवायचा सल्ला कुणी देतं. भोक एकच असलं तरी दोन्ही बाजूंच्या खाचांच्या मानाने ते एकाच दिशेला सरकलेलं असेलच असं नाही. एक बाजू सुधारताना दुसरी बिघडू शकते आणि परत करण्याचा हक्कही जातो.

‘अ नॅचरल वूमन’ फाटतं, ‘स’ फसफसतो. का?

मैफलीत भैरवी शेवटी येते तसं हे गाणं आहे, आणि नेमकं ते तबकडीच्या सर्वांत कठीण जागी पडलं आहे. कडेशी सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. लेबलजवळ तोच वेग सेकंदाला फक्त २१ सेंटिमीटर. तोच ‘स’, तोच टिपेचा सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. गोल टोकाची सुई त्या बारीक वळणांत पूर्ण शिरत नाही आणि कडांवर घासते.

उपाय या क्रमाने करा, कारण सुरुवातीचे स्वस्त आहेत.

सुईवरचा धुळीचा गोळा काढा. कोरड्या ब्रशने मागून पुढे, कधीही आडवं नाही.

सुईचा भार डिजिटल काट्यावर मोजा. टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई साठी २.० ग्रॅम, ऑर्टोफॉन टू एम रेडसाठी १.८ ग्रॅम सांगितलं आहे. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हलकी सुई खाचेत उडते आणि आदळून जास्त नुकसान करते. शंका असेल तर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा.

कार्ट्रिजची जागा कागदी मापाने तपासा. बेअरवाल्ड पद्धतीच्या मापात दोन बिंदू असतात, केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजची कड रेषांना समांतर हवी. अर्धा मिलिमीटर पुढेमागे झालं तरी शेवटच्या गाण्यात कळतं. स्क्रू सैल करताना सुईवर टोपी लावून ठेवा.

अँटीस्केटिंग (टोनआर्मला आत ओढणारा जोर तोलणारा ताण) सुईच्या भाराइतक्या आकड्यावर लावा. फसफस फक्त उजव्या बाजूला येत असेल तर थोडं वाढवा, फक्त डाव्या बाजूला येत असेल तर कमी करा.

एवढं करूनही फाटत असेल, तर सुई बदला. गोल टोकाऐवजी लंबगोल, किंवा जमलं तर मायक्रोलाइन, म्हणजे आणखी बारीक टोकाची. मायक्रोलाइन महाग, पण साध्या लंबगोल सुईचं आयुष्य ऑडिओ टेक्निका ३०० तास सांगते आणि मायक्रोलाइनचं १,०००. तासांच्या हिशेबाने ती महाग पडत नाही. व्हीएम ९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून फक्त सुई बदलता येते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी जुना प्लेयर आणून दिला. गाणं बोजड आणि खर्जात वाजतं.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांत वरचेवर निघतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ तसेच राहतात. जुन्या टर्नटेबलांतली सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या हिशेबाने फिरते. त्यामुळे ३३⅓ ऐवजी प्लॅटर २७.८ फेऱ्यांनीच फिरतो. पांढरी पाचमधलं गाणं पांढरी तीनला ऐकू येतं आणि किंगचा आवाज पुरुषी वाटू लागतो.

खात्रीसाठी ‘इट्स टू लेट’ मोबाइलच्या घड्याळावर मोजा. ते ३ मिनिटं ५४ सेकंदांचं आहे, दोन-चार सेकंद इकडेतिकडे चालतील. ४ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास गेलं, तर दोष हर्ट्झचाच. त्याच मॉडेलची, मोटरवर बसणारी ५० हर्ट्झची कप्पी मिळाली तर ती बसवा. नाही तर हर्ट्झ बदलणारा स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. डीसी मोटरचा प्लेयर असेल तर हा प्रश्न येत नाही, फक्त योग्य व्होल्टचा ॲडॉप्टर पुरतो.

वेग तपासायची, रेघा छापलेली कागदी स्ट्रोब तबकडी वापरत असाल तर ३३⅓ साठी आपल्याकडे १८० रेघांची लागते. २१६ रेघांची अमेरिकेची. उजेडही मेन्सवर लखलखणारा हवा. अनेक एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत.

नवीकोरी प्रत, तरी टकटक आणि कडकड.

नव्या तबकडीवर कागदाची धूळ आणि स्थिर वीज दोन्ही असतात. पाकिटातून काढताना चटचट आवाज आला तर वीज आहे. कार्बन तंतूंचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन फेऱ्या हलकेच टेकवा, मग हळूहळू बाहेर सरकवत उचला. थंडीत कोरड्या हवेत, पुण्या-नागपूरकडे, हा त्रास वाढतो. मुंबई-कोकणात तो कमी. सोबत आलेलं कागदी पाकीट बदलून आत गुळगुळीत अस्तराचं, अँटीस्टॅटिक पाकीट वापरा.

कसं धुवावं?

डिस्टिल्ड वॉटर हवं. नळाच्या, विशेषतः बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. साधं मिश्रण: ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भांडी घासायच्या सुगंधरहित द्रवाचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवा. मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल फिरवत पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्या कापडाने पुन्हा. साबण राहिला तर सुईवर पांढरा राप चढतो. उभी ठेवून पंख्याखाली न ठेवता, सावलीत अर्धा तास वाळवा, कारण पंखा धूळ आणून बसवतो.

घरात आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांना हे मिश्रण लावू नका. अल्कोहोल लाख विरघळवतं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

तबकडीपेक्षा मुखपृष्ठ लवकर जातं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तापवून वाळवा. मुखपृष्ठावर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं आवरण घाला, तोंड वर ठेवून, म्हणजे दमट हवा कोंडत नाही. जाड, वास येणारं पीव्हीसीचं आवरण नको. वर्षानुवर्षं चिकटून ते तबकडीवर धुरकट थर सोडतं आणि तो निघत नाही.

तबकड्या उभ्याच ठेवा, सरळ आणि हलक्या दाबाने. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात.

उन्हात वाकली. सरळ होईल का?

थोडीफार. दोन जाड काचांमध्ये, कागदाशिवाय, वर चार-पाच किलो वजन ठेवून खोलीच्या तापमानात दोन-तीन आठवडे ठेवा. ओव्हन किंवा हेअर ड्रायर वापरू नका. तबकडी सपाट होईल, पण खाचांचा आकार जाईल आणि आवाज कायमचा बिघडेल. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रेकॉर्ड अर्धा तासही ठेवू नका, विदर्भात तर मुळीच नाही.

सूटकेससारखा छोटा प्लेयर चालेल का?

वाजेल. पण त्यातल्या अनेकांची सिरॅमिक कार्ट्रिज पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकते आणि तो कमी करण्याची सोय नसते. स्पीकर त्याच खोक्यात असल्यामुळे ‘आय फील द अर्थ मूव्ह’च्या पियानोच्या खर्जाला सुई थरथरते. महागडी आवृत्ती त्यावर वाजवू नका.

गाण्याआधी ‘हंऽऽ’ असा गुणगुणाट येतो.

अर्थिंगची तार सुटली असेल. टर्नटेबलमागची बारीक तार प्रीअँपच्या (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डब्याच्या) स्क्रूला घट्ट बसवा. तरीही येत असेल तर ॲडॉप्टर आणि ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजपासून हातभर लांब न्या. आवाज अगदी बारीक आणि पातळ येत असेल, तर फोनो प्रीअँप मध्ये नाही किंवा त्याचं बटण चुकीच्या बाजूला आहे. व्हीएम ९५ किंवा टू एम रेडसारख्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलो-ओहम आणि सुमारे ४० डेसिबल वाढ लागते.

एकाच दिवशी पुन्हा पुन्हा वाजवली तर झिजते का?

सुई स्वच्छ, भार बरोबर आणि टोक शाबूत असेल तर शेकडो वेळा वाजवूनही फरक ऐकू येत नाही. खाच बिघडते ती धुळीने आणि झिजलेल्या सुईने. सुई कधी बसवली ती तारीख प्लेयरच्या खाली चिठ्ठीवर लिहून ठेवा. रोज एक बाजू ऐकलीत तर वर्षाला सुमारे १३० तास होतात, म्हणजे लंबगोल सुई सव्वादोन वर्षांनी बदलायची.